अनोळखी माणसासाठी दार कोणी उघडे ठेवले? ऑनलाइन खेळांच्या कंपन्या आणि मुलांची सुरक्षितता

पायवाट (धागाकर्ती)

माझ्या बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या टॅबवर तिला एक संभाषण सापडले आणि तिने ते मला दाखवले. खेळाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण चर्चा त्या एका खेळाभोवती फिरावी असे मला वाटत नाही. संभाषण तीन आठवडे चालले होते. समोरच्याने आधी त्याला एक अवघड टप्पा पार करून दिला, मग खेळातल्या पात्रासाठी एक पोशाख भेट दिला आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, "तुझा टॅब घरी कोण बघतं?" भाच्याने प्रामाणिकपणे लिहिले, "आई. पण फक्त रविवारी." त्यावर आलेला संदेश असा होता, "मग दुसऱ्या ॲपवर ये ना, तिथे नीट बोलता येईल." तो रविवार होता, म्हणून हे बहिणीच्या नजरेस पडले आणि प्रकरण तिथेच थांबले.

आम्ही तक्रार करायला बसलो. तक्रारीच्या यादीत शिवीगाळ, फसवून खेळणे, जाहिरातबाजी, आक्षेपार्ह नाव आणि इतर एवढेच पर्याय होते. 'इतर'खाली दोनशे अक्षरांची चौकट होती आणि स्क्रीनशॉट जोडण्याची सोय नव्हती. तीन आठवड्यांचे संभाषण मी दोनशे अक्षरांत बसवले. चाळीस मिनिटांत उत्तर आले की तपासणी केली असून नियमभंग आढळला नाही. त्याखाली पाच रिकामे तारे होते आणि "आमची मदत कशी वाटली?" असा प्रश्न होता.

ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांतील बहुतेकांचे पहिले वाक्य होते, "आईवडिलांनी लक्ष ठेवायला नको का?" ठेवायला हवे, यात वाद नाही. परंतु कोणाच्या हातात काय होते, हे वेगवेगळे मांडून पाहू. अनोळखी प्रौढाला अकरा वर्षांच्या मुलाला मैत्रीची विनंती पाठवता येणे, त्याला भेटवस्तू देता येणे आणि खासगी संदेश लिहिता येणे, या तिन्ही गोष्टी खाते उघडल्या क्षणापासून चालू होत्या. त्या चालू ठेवायच्या की बंद, हे बहिणीने ठरवलेले नव्हते. ते खेळ बनवणाऱ्याने ठरवले होते.

हा मुद्दा माझ्या मनचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या सरकारी आयोगाने) 'फोर्टनाइट'ची निर्माती कंपनी एपिक गेम्स हिच्याशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांपैकी २७ कोटी ५० लाख डॉलर मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याच्या भंगाबद्दलचा दंड होता. आयोगाच्या तक्रारीनुसार या खेळात आवाजी आणि लेखी संवाद मुळातच चालू असे, त्यामुळे मुले आणि किशोरवयीन खेळाडू थेट अनोळखी लोकांशी जोडले जात. कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी २०१७ पासून आवाजी संवाद खेळाडूने मागितल्याशिवाय सुरू होऊ नये असे सुचवले होते आणि त्यासाठी मुलांचा दाखलाही दिला होता. पुढे संवाद बंद करण्याचे बटण आले, पण ते सहज सापडणार नाही अशा ठिकाणी होते. म्हणजे धोका ठाऊक होता आणि उपायही ठाऊक होता. हा उपाय म्हणजे एक सेटिंग मुळातच बंद ठेवणे, एवढेच काम होते.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की जबाबदारी ठरवायची, तर ती "वाईट माणसे आमच्याकडे आली, आम्ही काय करणार" या पातळीवर का ठरवावी? मुळातली सेटिंग काय होती आणि तक्रार आल्यावर काय केले, या दोन गोष्टी पूर्णपणे कंपनीच्या हातात असतात आणि दोन्ही मोजता येतात. मग कंपनीला याच दोन गोष्टींबद्दल जाब का विचारू नये?

दुसरी बाजू

आपल्या भाच्याचा अनुभव अस्वस्थ करणारा आहे. तरीही मी थोडे विरुद्ध लिहितो. बहुतेक मोठ्या खेळांमध्ये पालकांसाठी वेगळे खाते असते, खेळण्याची वेळ ठरवता येते, संवाद बंद करता येतो. खाते उघडताना मुलाने जन्मवर्ष खोटे टाकले असेल, तर कंपनीने काय करावे? दारावर पाटी लावलेली असताना कोणी कुंपणावरून उडी मारून आत आले, तर घरमालकाला दोष देणे मला पटत नाही. शिवाय सगळा भार कंपनीवर टाकला की पालक निर्धास्त होतात, हाही धोका आहेच.

पायवाट

कुंपणाची उपमा आपणच दिलीत, म्हणून विचारते, कुंपण किती उंच होते? जन्मवर्षाचे चाक फिरवायचे असते. खरे वर्ष टाकले की खेळाचे निम्मे भाग बंद होतात आणि पालकाचा ईमेल मागितला जातो, खोटे टाकले की सगळे उघडते. दहा वर्षांचे मूल हे गणित पहिल्याच मिनिटात सोडवते. आमच्या भाच्याने मात्र खोटे वर्ष टाकलेही नव्हते. खात्यावर त्याचे खरे वय होते आणि तरीही वरचे सगळे घडले.

पालकांच्या नियंत्रणांविषयी सांगायचे, तर मी बहिणीबरोबर बसून ती शोधली. संवादाचे नियंत्रण एका जागी, मैत्रीच्या विनंत्यांचे दुसऱ्या जागी आणि भेटवस्तूंचे चक्क खरेदीच्या विभागात होते. खेळातले चलन विकत घेण्याचे बटण मात्र प्रत्येक पडद्यावर, अंगठ्याखालीच होते. ज्यांना ते बटण इतके नेमके ठेवता येते, त्यांना हे जमत नाही असे मी मानणार नाही.

तळटीप

कायद्याच्या बाजूने काही लिहितो. थोडे लांबेल.

या सगळ्या वादाच्या मुळाशी अमेरिकेतील १९९६ चा कायदा आहे, कारण मोठ्या ऑनलाइन व्यासपीठांपैकी बहुतेक तिथली आहेत. त्या कायद्याच्या कलम २३० नुसार दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी व्यासपीठाला त्याचा प्रकाशक किंवा वक्ता मानता येत नाही. वापरकर्त्याने काही लिहिले, तर उत्तरदायी वापरकर्ता. अनेक वर्षे पालकांचे दावे याच दगडावर आपटून फुटत आले.

मे २०२१ मध्ये नवव्या सर्किटच्या (अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने 'लेमन विरुद्ध स्नॅप' या खटल्यात वेगळी वाट दाखवली. स्नॅपचॅटमध्ये गाडीचा वेग चित्रावर दाखवणारे एक फिल्टर होते, आणि त्याच्या मोहाने भरधाव गाडी चालवली गेली व तीन तरुण मृत्युमुखी पडले, असा त्यांच्यापैकी दोघांच्या पालकांचा दावा होता. न्यायालयाने म्हटले की हा दावा कोणाच्या मजकुराबद्दल नाही, कंपनीने स्वतः बनवलेल्या वस्तूच्या रचनेबद्दल आहे, म्हणून कलम २३० येथे आडवे येत नाही. ऑनलाइन खेळांविरुद्धचे सध्याचे दावे मोठ्या प्रमाणात याच वाटेने जात आहेत. मुलाला फूस लावणाऱ्या नराधमाने काय लिहिले, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याला मुलापर्यंत पोहोचवणारी रचना सदोष होती, असे हे दावे म्हणतात. धागाकर्तीने मुळातल्या सेटिंगवर बोट ठेवले आहे, ते कायद्याच्या दृष्टीनेही नेमके तिथेच पडते.

आता एक विचित्र गोष्ट. अमेरिकेत मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य आढळल्याचे व्यासपीठाला कळले, तर ते 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन' या संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. मे २०२४ च्या दुरुस्तीने मुलांना फूस लावण्याचे प्रकारही त्यात आले आणि कळवलेल्या प्रकरणाची माहिती जपून ठेवण्याची मुदत ९० दिवसांवरून एक वर्ष झाली. परंतु असे प्रकार शोधत राहण्याची सक्ती मात्र त्या कायद्यात नाही. कळले तर कर्तव्य आहे, शोधण्याचे कर्तव्य नाही. मुलांच्या खासगीपणाच्या १९९८ च्या कायद्यातही १३ वर्षांखालील मुलांचे संरक्षण सर्वसाधारण सेवांना तेव्हाच लागू होते, जेव्हा समोर मूल आहे हे सेवेला प्रत्यक्ष ठाऊक असते. दोन्हीकडे डोळे मिटून बसणाऱ्याला फायदा आणि पाहणाऱ्याला काम, अशी ही रचना झाली आहे.

ब्रिटनने उलट टोकाने सुरुवात केली. तेथील ऑनलाइन सुरक्षा कायदा ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला आणि मुलांच्या संरक्षणाची कर्तव्ये जुलै २०२५ पासून लागू झाली. त्यानुसार मुले वापरू शकतील अशा सेवेने धोका कुठे आहे याचे मूल्यांकन आधीच लेखी करायचे असते आणि त्याप्रमाणे उपाय करायचे असतात. चुकल्यास दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी जो जास्त असेल तो. कोणाला इजा झाली हे सिद्ध होईपर्यंत नियामकाला थांबावे लागत नाही. मूल्यांकनच केले नसेल, तर तोच भंग ठरतो. माझ्या मते खरा फरक दंडाच्या रकमेपेक्षा या शेवटच्या वाक्यात आहे.

अवांतर: खाते उघडताना 'मान्य आहे' दाबले की वाद न्यायालयात न नेता लवादाकडे नेण्याची अट अनेक ठिकाणी आपोआप मान्य होते. अकरा वर्षांच्या मुलाने केलेला तो करार त्याच्यावर बंधनकारक आहे का, यावरच काही प्रकरणांत कितीतरी महिने खर्ची पडतात.

रात्रपाळी

मी काही वर्षे एका ऑनलाइन खेळाच्या तक्रारी तपासण्याचे काम केले आहे. आम्ही कंत्राटदाराचे कर्मचारी होतो, कंपनीचे नव्हे. त्यामुळे धागाकर्तीला चाळीस मिनिटांत आलेले उत्तर कसे तयार झाले असेल, याचा मला अंदाज आहे.

तपासणाऱ्याला संपूर्ण संभाषण दिसत नाही. आमच्या पडद्यावर तक्रार झालेला संदेश आणि त्याआधीचे पाच संदेश दिसत. "मग दुसऱ्या ॲपवर ये ना" या वाक्यात एकही निषिद्ध शब्द नाही. शाळेतले दोन मित्रही एकमेकांना असेच लिहितात. एका तक्रारीसाठी सरासरी अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ मिळे आणि रांग किती उरली हे वरच्या कोपऱ्यात लाल आकड्यात दिसत असे. अशा वेळी 'नियमभंग नाही' हे बटण दाबणे सर्वांत सुरक्षित असते, कारण चुकून एखादे खाते बंद केले तर त्याचा खुलासा द्यावा लागतो आणि चुकून चालू ठेवले तर कोणी विचारत नाही.

फूस लावणे एका संदेशात कधीच दिसत नाही. ते क्रमात दिसते. एक खाते दिवसभरात चाळीस-पन्नास लहान मुलांना विनंत्या पाठवते, ज्यांनी स्वीकारल्या त्यांना छोट्या भेटी देते, घरात कोण असते हे विचारते आणि मग त्यांना देखरेख नसलेल्या जागी बोलावते. यातली प्रत्येक पायरी सर्व्हरवर नोंदलेली असते. आमच्याकडे तसा क्रम ओळखणारी यंत्रणा होती, पण ती वेगळ्या कामासाठी होती. चोरलेल्या कार्डाने कोणी खेळातले चलन विकत घेऊन ते भराभर वाटू लागले, की काही मिनिटांत ते खाते गोठवले जाई, कारण बँक पैसे परत मागते आणि तोटा कंपनीचा होतो. तीच यंत्रणा मुलांसाठी का नाही, असे मी एकदा बैठकीत विचारले होते. उत्तर मिळाले की त्यासाठी वेगळा निधी मंजूर नाही.

त्यामुळे "इतके कोटी संदेश कोण वाचणार" हे उत्तर कोणी दिले, तर फसू नका. संदेश वाचायची गरज सगळ्यात शेवटी पडते.

धागाकर्तीला एक विनंती आहे. त्या खात्याचे नाव टिपले असेल, तर पुरेसे नाही. दिसणारे नाव कधीही बदलता येते. त्याच्या प्रोफाइलच्या पत्त्यात एक लांब क्रमांक असतो, तो बदलत नाही. क्रमांक, तारखा, वेळा आणि संदेशांची छायाचित्रे असे सगळे एकत्र ठेवा, आणि हे होईपर्यंत खाते ब्लॉक करू नका, कारण काही खेळांमध्ये ब्लॉक केले की आपल्याकडचे संभाषणही दिसेनासे होते.

अनुस्वार

रात्रपाळी यांच्या प्रतिसादाला +१. कार्डाच्या फसवणुकीची तुलना पहिल्यांदाच वाचली.

चकवा

सगळ्यांचे मुद्दे मान्य करूनही मला एक भीती वाटते. "मुलांचे रक्षण" म्हटले की पुढचे पाऊल ठरलेले असते, ते म्हणजे प्रत्येकाने ओळखपत्र दाखवावे किंवा चेहरा स्कॅन करावा. मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या रोब्लॉक्स या खेळांच्या व्यासपीठाने जानेवारी २०२६ पासून चॅटसाठी वयाची तपासणी जगभर लागू केली, आणि ती मुख्यतः चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेऊन होते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या बाबतीत काय झाले, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या एका कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघडी पडली असण्याची शक्यता डिस्कॉर्डनेच मान्य केली. त्यांतील बरीच छायाचित्रे वयाबाबतच्या वादासाठीच दिलेली होती. सुरक्षिततेसाठी दिलेली वस्तूच चोरीला गेली. मुलांच्या चेहऱ्यांचा साठा उद्या कोणाच्या हाती पडेल, याची जबाबदारी कोण घेणार?

तळटीप

चकवा यांची भीती रास्त आहे, पण ती धागाकर्तीच्या मागणीला लागू होत नाही. मुळातली सेटिंग सर्वांसाठीच बंद ठेवली, तर ती ठेवण्यासाठी कोणाचे वय कळण्याची गरज नाही. वय तेव्हाच विचारावे लागते, जेव्हा कोणी अनोळखी व्यक्तीशी खासगी संवाद उघडायला मागतो. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या नियामकाच्या) मुलांसाठीच्या संहितेत १५ मानके आहेत आणि सप्टेंबर २०२१ पासून सेवांनी त्यांनुसार वागणे अपेक्षित आहे. वयाची खात्री पटत नसेल, तर ती मानके सर्वच वापरकर्त्यांना लावा, असा पर्याय त्या संहितेतच दिलेला आहे. ओळखपत्रे गोळा करणे हा एकमेव मार्ग असल्याचे कंपन्या भासवतात, कारण दुसऱ्या मार्गात सगळ्यांचाच संवाद थोडा कमी होतो आणि खेळावर घालवलेला वेळही.

वयाच्या रेषेबद्दल जाता जाता: अमेरिकेच्या कायद्यात ती १३ वर आहे, भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवरील खाती बंद केली, पण ज्यांचा मुख्य हेतू खेळ हा आहे, अशा सेवा त्यातून वगळल्या. चॅट, मित्रयादी, भेटी आणि गट हे सगळे असलेली जागा 'खेळ' म्हटल्यामुळे बाहेर राहते, हे मला न पटणारे आहे.

दोन खोल्या

आम्ही दोघे मिळून छोटे खेळ बनवतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो. वकिलांची फौज असलेल्या कंपनीला शंभर पानी मूल्यांकन परवडते, आम्हाला परवडत नाही. जाचक नियमांनी मोठे आणखी मोठे होतात आणि छोटे बंद पडतात, हे लक्षात ठेवा.

तरी एक अनुभव सांगतो. आमच्या एका खेळात आम्ही मोकळे लेखन काढून टाकले आणि त्याजागी ठरावीक वाक्ये ठेवली: "इकडे ये", "शाब्बास", "मला मदत हवी", "पुन्हा खेळू या" अशी चोवीस वाक्ये. मुले कंटाळतील असे वाटले होते. उलट त्यांनी "मला मदत हवी" हे वाक्य नाचण्यासाठी वापरायला सुरुवात केली आणि त्याचे खेळाबाहेरही विनोद झाले. खेळण्याचा वेळ थोडा घटला, तक्रारी जवळपास संपल्या. हा बदल करायला एक आठवडा लागला. मोठ्यांना तो करता येत नाही असे नाही, त्यांना तो घटलेला वेळ नको असतो.

अर्धविराम

मी एकोणीस वर्षांचा आहे आणि मी अशाच खेळांमध्ये मोठा झालो. या धाग्यात मुलांच्या बाजूने कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. बारा वर्षांचा असताना माझे वर्गात कोणाशी जमत नव्हते. ज्या चार जणांशी मी रोज बोलायचो, ते चौघेही अनोळखी होते आणि आजही माझे मित्र आहेत. सगळी दारे बंद करा असे कोणी म्हटले, की मला ते चौघे आठवतात.

मात्र त्याच काळात एका माणसाने मला विचित्र प्रश्न विचारायला सुरुवात केली होती आणि मी ते कोणालाही सांगितले नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. सांगितले असते, तर घरच्यांनी खेळ बंद केला असता आणि ते चौघे गेले असते. तक्रारीचे बटण दाबले तर चौकशी होईपर्यंत आपलेही खाते गोठते, अशी अफवा आमच्यात होती. ती खरी होती की खोटी, कोणाला ठाऊक. पण ती खोटी आहे असे सांगणारे एक वाक्यही त्या खेळात कुठे नव्हते.

तळटीप

अशी अफवा पसरते तेव्हा तिला कुठेतरी आधार असतो. धागाकर्तीने सांगितलेल्या एपिकच्या प्रकरणाचा दुसरा भाग खरेदीचा होता आणि त्यात २४ कोटी ५० लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायचे ठरले. फसव्या बटणांमुळे नको असलेली खरेदी झाल्यावर ज्यांनी कार्ड कंपनीकडे दाद मागितली, त्यांची खाती बंद करून आधी विकत घेतलेल्या वस्तूही अडवून ठेवल्या जात, असा आयोगाचा आरोप होता. ते प्रकरण पैशांचे होते, पण तक्रार केली की आपलेच नुकसान होते, हा धडा मुले तिथूनही घेतात.

दुसरी बाजू

माझे मत थोडे सरकले आहे, हे नोंदवतो. घर आणि कुंपणाची उपमा मागे घेतो. रात्रपाळी यांचा कार्डाचा मुद्दा वाचल्यावर "शक्य नाही" हे म्हणणे टिकत नाही. पालकांनी लक्ष द्यावे, या मतावर मात्र मी ठाम आहे.

पायवाट

त्या मतावर आपल्यात भांडण नव्हतेच.

रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे खात्याचा क्रमांक शोधला. तो प्रोफाइलच्या पत्त्यात होता, दहा आकडी. बहिणीने आणि मी मिळून सगळे संदेश तारखेनुसार लावले, भेट दिलेल्या पोशाखाची नोंद काढली आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार दिली. कंपनीकडेही दुसऱ्यांदा लिहिले. या वेळी 'इतर'मधल्या दोनशे अक्षरांत फक्त क्रमांक, दोन तारखा आणि पोलीस तक्रारीचा संदर्भ घातला. तसेच पहिल्या तक्रारीवर निर्णय घेताना किती संदेश पाहिले गेले, हे लेखी विचारले. उत्तर आलेले नाही. तारे मात्र पुन्हा मागितले आहेत.

भाच्याला आम्ही खेळ बंद केलेला नाही. अर्धविराम यांचा प्रतिसाद त्याच्या आईला वाचून दाखवला, त्यानंतर तिने तसे ठरवले. अनोळखी लोकांचे संदेश आणि भेटी त्याने स्वतः माझ्यासमोर बंद केल्या, तिन्ही ठिकाणी जाऊन. अकरा मिनिटे लागली, घड्याळ लावून पाहिले.

आज सकाळी तो क्रमांक पुन्हा उघडून पाहिला. नाव बदललेले आहे, चित्रही बदललेले आहे. खाते चालू आहे.